बदामी की अबोली?

सदर : भिंतीला कान

प्रश्न : ताई, आमचा हॉल 10 बाय 14 फुटांचा. चार मजली जुन्या इमारतीत तिसरा मजला. बाल्कनी आणि मोठी खिडकी पश्चिमेला. समोर पंचवीस-तीस फुटांवर आधी चाळ होती, तिथे आता सात मजली इमारत झालीय आणि तिला विटकरी रंग दिलाय. आमचा सोफा मेंदी रंगाचा आहे, तो इतक्यात बदलणार नाही. शोकेस सागवानी. सध्या भिंती पिस्ता आहेत. दसऱ्याच्या आधी रंग काढायचाय.

शेडकार्डातले दोन रंग निवडलेत, तुकडे सोबत चिकटवले आहेत. डाव्याला मी बदामी म्हणते नि उजव्याला अबोली, कारण कार्डावरच्या इंग्रजी नावांवरून काही म्हणजे काही कळत नाही. अहो रविवारी दुपारी बघून म्हणाले, "दोन्ही सारखेच, एवढा काय विचार करायचा?" मुलगी सकाळी कॉलेजला निघताना म्हणाली, "आई, उजवा गुलाबी आहे." सासूबाईंनी दिवेलागणीनंतर बघितले, त्यांना डावा मळका वाटला. पेंटर म्हणतो, "एकोणीस-वीसचा फरक आहे, कुठलाही घ्या." मला मात्र त्यात गुलाबीही दिसत नाही आणि मळकाही नाही. माझ्या डोळ्यांत काही दोष आहे का?

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमचे डोळे ठणठणीत आहेत. सासूबाईंचेही, मुलीचेही. प्रत्येकाने वेगळ्या वेळी बघितलं एवढंच, आणि त्या वेळा तुम्ही पत्रात लिहिल्यात म्हणून माझं निम्मं काम झालं. एरवी मला नुसतं "क्रीम घेऊ की बिस्किटी?" असं विचारलं जातं. घराचं तोंड कुठे, समोर काय, दिवे कसले, याचा पत्ता नसतो. मग मी काय अंगारा लावून सांगू?

तुकडे मिळाले. उजव्याच्या कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलंय, फोडणी चालू असताना कात्री घेतलेली दिसतेय. मी ते गॅलरीत नेले आणि आधी नुसते शेजारी शेजारी धरले. खरं सांगते, माझंही मत तुमच्या अहोंसारखंच झालं. मग दोघांच्या मध्ये कोरा पांढरा कागद सरकवला, आणि दोघांची झाक वर आली. डावा कच्च्या खव्याचा रंग, पिवळट आणि त्यात कणभर राखाडी. उजवा म्हणजे अबोलीचा गजरा दुसऱ्या दिवशी दिसतो ना, तसा. पिवळा आहेच, पण आत कुठेतरी लाल लपलाय.

झाक हा शब्द आमच्या दुकानात दिवसातून पन्नासदा निघायचा. साताऱ्यात आम्ही नवरा-बायकोंनी 31 वर्षं रंगाचं दुकान चालवलं. शेवटच्या काही वर्षांत रंग मिसळायचं मशीन आलं आणि मला एक छंद लागला. गिऱ्हाईक दोन जवळच्या रंगांत अडकलं की मी त्याला कार्ड बघू द्यायचीच नाही, स्क्रीन त्याच्याकडे फिरवायची. पांढऱ्या बेसमध्ये कुठला रंग किती मिलीलिटर पडणार ते तिथे आकड्यांत लिहिलेलं असतं. तुमच्या बदामीसारख्या रंगात पिवळा ऑक्साइड आणि काळ्याचे थेंब निघतील. अबोलीसारख्यात तोच पिवळा ऑक्साइड, पण काळ्याच्या जागी लाल ऑक्साइड. दोन्हींतला फरक लिटरमागे चहाच्या चमच्याएवढासुद्धा नसतो. पेंटरचं एकोणीस-वीस त्या अर्थाने बरोबर आहे. पण भाजीत मिठाचाही फरक चमच्याचाच असतो. तुमच्या दुकानात मशीन असेल तर स्क्रीन बघायला मागा, कुणी नाही म्हणत नाही.

आता सकाळचं बघू. तुमची खिडकी पश्चिमेला, म्हणजे समोरच्या इमारतीची तुमच्याकडची बाजू पूर्वेला तोंड करून आहे. तुमची इमारत चार मजल्यांची, ती सात. आठ-साडेआठला सूर्य तुमच्या गच्चीवरून थेट तिच्या वरच्या मजल्यांवर पडतो आणि ती विटकरी भिंत तापल्या तव्यासारखी उजळते. तुमच्या हॉलमध्ये सकाळी ऊन येत नाही, येतो तो या भिंतीने परतवलेला उजेड, आणि तो विटकरी रंगात भिजून आलेला असतो. अबोलीत लाल आहेच, त्याला बाहेरून लालाची साथ मिळाली. मुलगी अगदी बरोबर बोलली.

दुपारी सूर्य डोक्यावर गेला की समोरची भिंत सावलीत जाते आणि वरून आभाळाचा साधा उजेड येतो. अशा उजेडात दोन्ही रंग जवळजवळ सारखे दिसतात. ही वेळ अहोंची. तुम्हीही बहुधा दुपारी हातातलं काम उरकल्यावर बघत असणार.

राहिल्या सासूबाई. तुमच्या हॉलमध्ये एलईडी ट्यूब आहेत का, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण आहेतच असं धरून चालते. आणि त्या पांढऱ्याशुभ्र असणार, खोक्यावर 'कूल डेलाइट' आणि 6500 के असं छापलेल्या ('के' म्हणजे केल्विन, हा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर). आपल्याकडे 'जास्त पांढरा म्हणजे जास्त उजेड' असा समज पक्का बसलाय. या उजेडात निळा भरपूर असतो, पिवळ्यावर पडला की त्यातला गोडवा शोषून घेतो आणि मागचा राखाडी पुढे आणतो. म्हणून बदामी त्यांना मळका दिसला. साडीच्या दुकानात मॅचिंगचा ब्लाउजपीस आपण उन्हात नेऊन बघतो, तो उगाच का? आत ट्यूबखाली जुळलेला असतो, बाहेर पायरीवर आलं की साडी एकीकडे आणि पीस दुसरीकडे. भिंत काही पायरीवर नेता येत नाही, म्हणून आपण फसतो.

मीही फसले आहे, तेही रंगाच्या दुकानाची मालकीण असताना. आमच्या जुन्या घरात झोपायची खोली दक्षिणेला, खिडकी अजिंक्यताऱ्याकडे, खाली लाल कोबा. दुकानातल्या ट्यूबखाली मी एक फिकट पीच निवडला. आमचे हे म्हणाले, एकदा घरी नेऊन बघ. मी म्हटलं, मला शिकवू नका. पहिला हात मारला तेव्हा छान वाटला. दुसरा वाळला, थंडीचे दिवस, दक्षिणेचं तिरपं ऊन थेट कोब्यावर, आणि कोब्याने ते उचलून चारी भिंतींवर फेकलं. खोली कॅलामाइन लोशनच्या रंगाची झाली. कांजिण्या आलेल्या पोराच्या अंगाला लावतात ना, तेच. नंतर कळलं, त्या लोशनचा गुलाबीही लोहाच्या ऑक्साइडचाच असतो, म्हणजे आमच्या डब्यात पडलेल्या लालाचा सख्खा भाऊ. हे एक अक्षर बोलले नाहीत. तीन वर्षं आम्ही त्या लोशनमध्ये झोपलो.

तेव्हा माझं मत ऐका : बदामी घ्या. तुमच्या घरात अबोलीच्या विरोधात दोन साक्षीदार आहेत. एक समोरची इमारत, ती काही तुमच्या सांगण्यावरून रंग बदलणार नाही. दुसरा तुमचा सोफा. हिरव्याशेजारी ठेवलेला कुठलाही रंग थोडा लालाकडे सरकल्यासारखा दिसतो. हा डोळ्यांचाच खेळ आहे, मेंदी रंगाच्या साडीवर पीच ब्लाउज घालून बघा, गुलाबीच वाटेल. सोफ्यामागची भिंत तर दिवसभर गुलाबी दिसेल. सागवानी शोकेसला मात्र बदामी छान साथ देतो, लाकूड उठून दिसतं. अबोलीवर तेच सागवान नारिंगी दिसायला लागतं.

आणि सासूबाईंची तक्रार ट्यूब बदलून सोडवा. 4000 के लिहिलेली ट्यूब घ्या, तिला बहुतेक 'नॅचरल व्हाइट' म्हणतात. दोन ट्यूब मिळून चार-पाचशे रुपयांचं काम. 3000 के, म्हणजे पिवळा उजेड, काहींना आवडतो, पण संध्याकाळी तुमची मुलगी हॉलमध्ये अभ्यासाला बसत असेल तर कुरकुर करेल. खोक्यावर सीआरआय नावाचा आकडाही असतो. तो 80 पेक्षा 90च्या जवळ असला तर घरातले सगळेच रंग, अगदी ताटातली कोशिंबीरसुद्धा, खरे दिसतात. ट्यूब रंगाच्या आधी बदला. रंग झाल्यावर ट्यूब बदलणं म्हणजे लग्न झाल्यावर पत्रिका बघणं.

माझ्यावर विश्वास ठेवून लगेच डबा मात्र आणू नका. मी साताऱ्यात बसून तुमची भिंत बघितलेली नाही. काही कंपन्यांचे नमुन्याचे छोटे डबे मिळतात. नाही मिळाले तर दोन्हींचा एकेक लिटर घ्या, नावडता उरला तर कपाटाच्या किंवा माळ्याच्या आतून लावून टाका. भिंतीवर थेट पट्टे मारू नका. तुमच्या भिंती पिस्ता आहेत, तो हिरवा भोवती असला की सोफ्यासारखाच घोटाळा करणार. मुलांच्या प्रोजेक्टचे पांढरे चार्टपेपर आणा, प्रत्येकावर दोन-दोन हात मारा आणि पूर्ण वाळू द्या.

वाळू द्या हे मी मुद्दाम सांगते. सासूबाई म्हणतील, ओला रंग गडद असतो, वाळल्यावर फिका होतो. त्यांच्या काळात ते खरं होतं. चुना आणि डिस्टेंपर तसेच वागतात. चुन्याचा पहिला हात तर ओला असताना दिसतसुद्धा नाही, दुसऱ्या दिवशी भिंत पांढरी होते. आताच्या प्लास्टिक पेंटचं उलटं आहे. ओला असताना दुधाळ दिसतो आणि वाळला की एक पायरी गडद होतो. कितीतरी लोक पेंटरने पहिला पट्टा मारल्याबरोबर "अहो, हा फारच फिका" म्हणून दुकानात पळत येतात आणि गडद करून नेतात. पुढच्या आठवड्यात तेच परत येतात, चेहरा पाडून.

वाळलेला चार्टपेपर सपाट भिंतीला लावून बघू नका. मधोमध उभी घडी घाला आणि हॉलच्या कोपऱ्यात बसवा, अर्धा एका भिंतीवर नि अर्धा दुसऱ्या. घडीत डोकावलंत की तिथला रंग जरा जास्तच पिकलेला दिसेल, कारण एक बाजू दुसरीवर आपलाच रंग टाकते. उद्या चार भिंती हेच करणार आहेत. कार्डावर फिका वाटणारा रंग खोलीभर झाला की अंगावर येतो तो याचमुळे. तुमच्या कार्डातला बदामी घडीत पाहून जड वाटला तर त्याच पट्टीतला एक पायरी वरचा, फिका, घ्या. तुमच्या खिडकीसमोर भिंत असल्यामुळे मी तर बहुधा फिकाच घेईन. कार्डाच्या मागे काही कंपन्या एलआरव्ही छापतात, म्हणजे शंभरातला किती उजेड रंग परत देतो तो आकडा. तुमच्या हॉलला तो 70च्या आसपास असू द्या.

एका वेळी एकच कागद लावा. दोन्ही शेजारी लावले की डोळा फरक शोधत बसतो, आणि राहायला तर एकाच रंगात जायचंय. सकाळी साडेआठ, दुपारी एक, आणि ट्यूब लावल्यावर. दोन दिवस एक, दोन दिवस दुसरा. आणि सगळ्यांत जास्त वजन त्या वेळेला द्या ज्या वेळेला घर खरोखर हॉलमध्ये असतं. तुमच्याकडे ती रात्रीच्या जेवणानंतरची असावी. सकाळी आठला डोंबिवलीत कोण हॉलमध्ये बसतंय? पण सकाळी सासूबाई तिथेच पेपर वाचत बसत असतील, तर साडेआठला गुलाबी दिसणारी भिंत त्यांच्या वाट्याला येणार, हेही धरा.

बाकी थोडक्यात. पिस्त्यावर थेट बदामी मारू देऊ नका, मधे पांढऱ्या प्रायमरचा एक हात हवाच, नाहीतर आतून हिरवा डोकावेल आणि बदामी खरोखर मळका होईल. हॉलच्या भिंतींचं क्षेत्र दारं-खिडक्या वजा करून पावणेचारशे चौरस फुटांच्या आसपास येईल. दोन हातांना लिटरमागे शंभर-सव्वाशे फूट धरा, म्हणजे चार लिटरचा डबा पुरतो, भिंत चांगली घासलेली असेल तर. पावसाची ओल पश्चिमेच्या भिंतीत असेल तर ती वाळल्याशिवाय दसरा-बिसरा विसरा, पापुद्रे सुटतील. आणि छत. जुने पेंटर पांढऱ्यात अजूनही नीळ घालतात. निळसर पांढऱ्या छताखाली बदामी भिंत धुवायला टाकलेल्या चादरीसारखी दिसते. छताला नीळ नको म्हणून आधीच बजावा, आणि तो मिसळत असताना जवळ उभ्या राहा.

तुमचे तुकडे परत पाठवते आहे. हळदीचं बोट तसंच आहे.

प्रश्न : हॉलला फिकट केशरी प्लास्टिक पेंट दिला. चार लिटरचा डबा संपला, म्हणून त्याच दुकानातून त्याच नंबरचा एक लिटर आणला. वाळल्यावर टीव्हीच्या भिंतीवर मधोमध आडवा पट्टा दिसतोय. दुकानदार म्हणतो, नंबर तोच आहे, आमची चूक नाही. पेंटर म्हणतो, माझी नाही. पट्टा घालवायचा कसा?

— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोघंही खरं बोलत असतील, तरी पट्टा आहेच. मशीन थेंबांनी मोजतं, आणि लहान डब्यात थेंबाची चूक मोठी दिसते. बेसचा घाणाही वेगळा असू शकतो. झाकणावरचे दोन्ही स्टिकर आधी बघा, एक मॅट आणि एक चकाकीचा तर नाही ना? नंबर तोच असला तरी चकाकी वेगळी की रंग वेगळा दिसतो, आणि हे फार वेळा होतं.

पट्ट्यावर टचिंग करायला जाऊ नका, ठिगळ आणखी वाढेल. उरलेला रंग पुरत असेल तर ती एक भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एकाच डब्यातून पूर्ण मारून घ्या. शेजारच्या भिंतीशी इतका बारीक फरक कोपऱ्यात कुणाला दिसत नाही, कारण दोन भिंतींवर उजेड तसाही वेगवेगळा पडतो. पुढच्या वेळी रंग कमी पडणार असं पेंटरला दिसलं की त्याने भिंतीच्या मधे थांबायचं नाही, कोपऱ्यात थांबायचं. नवा डबा आणला की जुन्यातला उरलेला आणि नवा एका बादलीत ओतून ढवळायचा, मग पुढची भिंत. आणि झाकणावरचा स्टिकर फेकू नका, सोलून मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. पाच वर्षांनी खिळा काढलेल्या भोकावर लावायला रंग लागतो, तेव्हा नंबर कुणालाच आठवत नाही.